शेवटच्या रांगेपर्यंतचा शब्द

मराठी नाटकाला माइक असावा की नसावा, हा वाद काही दशके जुना आहे. पण त्याची दोन्ही टोके आता जवळजवळ ओस पडली आहेत. हजारभर खुर्च्यांच्या नाट्यगृहात ध्वनियंत्रणेशिवाय प्रयोग लावण्याचे धाडस क्वचितच कोणी करतो, आणि माइक आहे म्हणून नटाने आवाज कमवायची गरज नाही, असेही कोणी जाणता रंगकर्मी म्हणत नाही. तरीही प्रेक्षकांच्या तीन तक्रारी कायम आहेत. मागे ऐकू येत नाही ही पहिली. ऐकू येते पण शब्द कळत नाहीत ही दुसरी. नट डावीकडे उभा असतो आणि बोलणे उजव्या कर्ण्यातून येते, ही तिसरी. तिन्ही एकाच नावाखाली मोडतात, ‘साऊंड चांगला नव्हता’. प्रत्यक्षात पहिलीचा संबंध अंतराशी आहे, दुसरीचा सभागृहाच्या घुमण्याशी आणि त्यातल्या गोंगाटाशी, तर तिसरीचा कर्ण्यांच्या जागेशी. या लेखात नाट्यध्वनीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी, त्यामागचे शास्त्र, आज मांडल्या जाणाऱ्या भूमिका आणि अनुत्तरित राहिलेले मुद्दे क्रमाने पाहायचे आहेत. त्यातून एक गोष्ट ठामपणे पुढे येते, असे मला वाटते: नाटकाच्या ध्वनीचा विचार आधी वास्तू, मग शांतता, मग नट आणि शेवटी यंत्र या क्रमाने व्हायला हवा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतो.

अंतराचा जुना प्रश्न

नट आणि प्रेक्षक यांच्यातले अंतर ही अडचण यंत्रयुगाने आणलेली नाही. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहांची मापे सांगताना भरताने 64 हात लांब आणि 32 हात रुंद असे मध्यम आकाराचे नाट्यगृह माणसांसाठी योग्य ठरवले आहे. अठरा इंचांचा हात धरला तर ही लांबी सुमारे 96 फूट भरते, आणि त्यातला निम्मा भाग रंगपीठ व नेपथ्यगृहाकडे जातो. त्याहून मोठ्या वास्तूत उच्चार विस्कटतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, हे कारणही तिथेच दिले आहे. नाट्यमंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा, खिडक्या लहान असाव्यात, आत वारा खेळू नये म्हणजे आवाज भारदस्त राहतो, असेही सांगितले आहे. आकार, बंदिस्तपणा आणि वाऱ्याचा आवाज या तीन गोष्टी आजचा ध्वनितज्ज्ञही आधी तपासतो.

1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून संगीत नाटकाचे युग सुरू झाले, तेव्हा विजेवर चालणारा ध्वनिवर्धक अस्तित्वातच नव्हता. नटाच्या गळ्याची ताकद, आवाजाची फेक आणि पुढे बसलेल्या साथीदारांचे भान यांवर सगळा खेळ उभा होता. पायपेटी आणि तबला यांच्यावरून स्वर मागच्या रांगेपर्यंत न्यायचा, म्हणजे स्वरांचे स्थान, शब्दांची फोड आणि श्वासाची जागा हे सगळे अंतराच्या हिशेबाने ठरायचे. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांच्या काळात 1915 मध्ये उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, याच व्यवस्थेतले. माइकची सोय गृहीत न धरता बांधलेली वास्तू कशी बोलते, याचा तो महाराष्ट्रातला महत्त्वाचा पुरावा होता. ऑगस्ट 2024 मधल्या आगीत त्या नाट्यगृहाची मोठी हानी झाली, तेव्हा एका इमारतीबरोबर ध्वनीचा एक नमुनाही आपल्या हातून गेला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. शहरे वाढली, व्यावसायिक नाटकाचे अर्थकारण तिकिटांच्या संख्येवर बेतले गेले आणि नाट्यगृहे मोठी झाली. पुण्यात 1968 मध्ये खुल्या झालेल्या बालगंधर्व रंगमंदिराची आसनक्षमता हजाराच्या घरातली आहे. पुढे अनेक महानगरपालिकांनी बांधलेली सभागृहे नाटक, वाद्यवृंद, सत्कार आणि शाळांची संमेलने अशा सगळ्याच कामांसाठी होती. नाटकाला लागणारी ध्वनीची गुणवत्ता आणि सभेला लागणारी गुणवत्ता वेगळी असते. एकाच वास्तूकडून दोन्हींची अपेक्षा धरली की कुठेतरी तडजोड होते, आणि ती तडजोड भरून काढायचे काम माइककडे येते.

वास्तूचे आणि कानाचे गणित

हार्वर्डच्या एका व्याख्यान-सभागृहात शब्द कळत नव्हते म्हणून 1895 मध्ये वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने तिथल्या घुमण्याचा अभ्यास हाती घेतला. आवाज थांबल्यावर त्याची पातळी 60 डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ म्हणजे अनुरणनकाल, आणि तो सभागृहाच्या घनफळावर व आतल्या पृष्ठभागांच्या शोषणावर ठरतो, हे त्याने दाखवले. बोलक्या नाटकाला हा काळ एका सेकंदाच्या आसपास लागतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या जवळपास. काळ लांबला की आधीच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. रिकाम्या खुर्च्या असताना घुमणारे सभागृह माणसांनी भरले की बसते, कारण कपडे आणि शरीरे आवाज शोषतात. म्हणून दुपारच्या तालमीत लावलेली यंत्रणा रात्रीच्या प्रयोगाला तशीच लागू पडत नाही.

दुसरा नियम अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. कमावलेल्या आवाजात बोलणाऱ्या नटाची पातळी एका मीटरवर 75 डेसिबल धरली तर 16 मीटरवर ती 51 पर्यंत येते. बंद सभागृहात भिंती आणि छत काही डेसिबल परत देतात, पण ढोबळ हिशेब हाच. आता त्या जागी वातानुकूलन यंत्राचा आणि पंख्यांचा आवाज 40 डेसिबल असेल, तर शब्द आणि गोंगाट यांत अंतर उरते 11 डेसिबल. सहज आणि पूर्ण कळण्यासाठी साधारण 15 लागतात. नेमका इथे सगळ्या वादाचा कळीचा मुद्दा आहे. गोंगाट 40 वरून 30 वर आणला तर मागच्या रांगेला जो फायदा मिळतो, तोच मिळवायला यंत्रणेला नटाचा आवाज 10 डेसिबलने वाढवावा लागेल. पहिल्या उपायाने शब्द स्वच्छ होतो, नटाचा सूर बदलत नाही आणि माइक शिट्टी मारण्याची भीती नाही. तरी नाट्यगृहाच्या नूतनीकरणात नवे कर्णे येतात, आणि वाऱ्याच्या नळ्यांच्या आवाजाकडे दुर्लक्ष होते.

तिसरी गोष्ट कानाची. बोलण्यातली ताकद स्वरांत असते, अर्थ मात्र व्यंजनांत. ‘काम’ आणि ‘खाम’, ‘ताप’ आणि ‘थाप’ यांतला फरक एका क्षीण हकाराने ठरतो, आणि तो हकार दोन हजार हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात राहतो. आवाज नुसता मोठा केला तर स्वर फुगतात आणि घुमतात. व्यंजने मागेच राहतात. वयानुसार माणसाचे ऐकणे याच वरच्या पट्ट्यात आधी मंदावते, आणि मराठी नाटकाच्या प्रेक्षकांत ज्येष्ठ नागरिकांचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे ‘ऐकू येते पण कळत नाही’ या तक्रारीवर आवाज वाढवणे हा उपाय पुष्कळदा उलटा पडतो.

यंत्रणेची साखळी

नाट्यगृहातली यंत्रणा माइकपासून सुरू होऊन मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्णे अशी जाते. यातला सर्वांत नाजूक निर्णय माइकच्या जागेचा. मंचाच्या कडेला ठेवलेले फूट माइक आणि वरून टांगलेले माइक ही आपल्याकडची रुळलेली पद्धत. सपाट पाटीचा फूट माइक जमिनीला चिकटून असतो, त्यामुळे थेट आलेला आवाज आणि फळीवरून परतलेला आवाज जुळून सहा डेसिबलपर्यंत लाभ होतो. तोटाही त्याच जागेचा: पावलांचा दणका, सरकवलेली खुर्ची, खाली ठेवलेली पेटी हे सगळे तो आधी उचलतो. टांगता माइक पावलांपासून सुटतो, पण नटापासून दूर जातो. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी मिळणारी सवलत 3 डेसिबलने घटते. म्हणून ‘अजून दोन माइक लावा’ हा सल्ला नेहमी फायद्याचा ठरत नाही.

अंगावरच्या बिनतारी माइकने हे गणित बदलले. 1962 मध्ये बेल प्रयोगशाळेत सेस्लर आणि वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माइक विकसित केला आणि शेंगदाण्याहून लहान माइक शक्य झाले. तीन मीटरवरचा माइक तोंडापासून पंधरा सेंटिमीटरवर आणला तर आवाजात 26 डेसिबलचा फरक पडतो. घुमणे आणि गोंगाट दोन्ही मागे पडतात. पण छातीवर लावलेल्या माइकपुढे पदर घासतो, मंगळसूत्र वाजते, मान वळली की सूर बदलतो. कपाळावर, केसांच्या कडेला लावला तर मान वळली तरी अंतर तेच राहते. घाम मात्र छिद्र बुजवतो. दोन नट मिठीत आले की एकाचा आवाज दोन्ही माइकमध्ये वेगवेगळ्या क्षणी पोचतो आणि एकत्र होताना पोकळ ऐकू येतो. त्यासाठी मिक्सरवरच्या माणसाला संहिता पाठ असावी लागते: ज्याचे वाक्य, त्याचाच माइक उघडा. हे काम दर प्रयोगाला, दर वाक्याला करायचे असते.

शेवटी कर्णे. प्रेक्षकाला आवाज नटाच्या तोंडून यावासा वाटत असेल, तर नटाचा थेट आवाज कानावर आधी आणि कर्ण्याचा त्यामागून काही मिलिसेकंदांनी पोचायला हवा. जर्मनीच्या हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये हे प्रयोगाने मांडले: पहिला आवाज जिकडून येतो तिकडेच कान बोट दाखवतो, मागाहून येणारा थोडा मोठा असला तरी. नट 20 मीटर दूर असेल तर त्याचा आवाज पोचायला सुमारे 58 मिलिसेकंद लागतात. 5 मीटरवरच्या कर्ण्याचा 15 मध्ये पोचतो. कर्ण्याला साधारण 55 मिलिसेकंद थांबवले की तो नटाच्या मागे राहतो आणि तिसरी तक्रार मिटते. आजच्या साध्या डिजिटल मिक्सरमध्येही ही सोय असते. ती वापरण्यासाठी फीत घेऊन अंतरे मोजणारा माणूस लागतो.

चार भूमिका

पहिली भूमिका निखळ मानवी आवाजाची. तिच्या समर्थकांच्या मते नाटक म्हणजे एका जागेत श्वास घेणाऱ्या माणसांची भेट. मध्ये यंत्र आले की ती भेट दुरावते. आवाजाची फेक ही नटाच्या शरीराची शिस्त आहे, आणि माइकच्या आधाराने ती ढिली पडते. या भूमिकेला वास्तूचे पाठबळ मिळाले तर ती टिकते, हे मुंबईच्या राष्ट्रीय संगीत व नाट्य केंद्रातल्या टाटा थिएटरने दाखवले. फिलिप जॉन्सन यांचे आराखडे आणि सिरिल हॅरिस यांचे ध्वनिनियोजन असलेले, 1980 मध्ये खुले झालेले हे सुमारे हजार आसनांचे सभागृह बिनमाइकच्या सादरीकरणासाठीच रचले गेले. मात्र तेवढा खर्च आणि काळजी तालुक्याच्या नाट्यगृहाला परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे.

दुसरी भूमिका अंतरच कमी करण्याची. 1970 च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक रंगभूमी बहरली, पुढे जुहूचे पृथ्वी थिएटर आणि पुण्याचे सुदर्शन रंगमंच यांसारख्या लहान जागा आल्या. तिथे कुजबुजही पोचते, त्यामुळे अभिनयाची जात बदलते. या मार्गात ध्वनीचा प्रश्न जवळजवळ सुटतो आणि अर्थकारणाचा प्रश्न उभा राहतो: दीडशे-दोनशे तिकिटांवर व्यावसायिक नाटक चालत नाही.

तिसरी भूमिका सौम्य आधाराची. यंत्रणा असावी, पण तिची जाणीव होऊ नये. आवाज फार मोठा करण्याऐवजी सर्व रांगांत सारखा पोचवावा. हिचे समर्थक सांगतात की आजच्या प्रेक्षकाचा कान पडद्यावरच्या जवळच्या आवाजाला सरावला आहे, आठवड्याला अनेक प्रयोग करणाऱ्या नटाच्या गळ्यावर ताण येतो, आणि हळुवार प्रसंग ओरडून करता येत नाही. आक्षेप असा, की ‘जाणवणार नाही एवढी’ ही मर्यादा कोणी पाळत नाही. पुढच्या रांगेचा तोल मागच्या तक्रारीसाठी मोडला जातो.

चौथी भूमिका संपूर्ण ध्वनिवर्धनाची. मोठ्या संगीतप्रधान नाटकात, खुल्या मैदानावरच्या महानाट्यात, गोव्यातल्या देवळाच्या प्रांगणात जत्रेला होणाऱ्या संगीत नाटकात दुसरा पर्यायच नसतो. ‘जाणता राजा’सारख्या महानाट्यात संवादच ध्वनिमुद्रित ठेवले जातात आणि नट त्यांवर अभिनय करतात, त्यामुळे हजारोंपर्यंत शब्द स्वच्छ जातो, पण त्या रात्रीच्या प्रतिसादाला शब्दाने उत्तर देण्याची नटाची मुभा जाते. संगीत नाटकात वेगळाच पेच आहे. पद माइकवर आणि गद्य बिनमाइकचे असे झाले तर एकच पात्र दोन वेगळ्या जागांतून बोलल्यासारखे वाटते. शिवाय गायकनटाला ऑर्गन आणि तबला नीट ऐकू यायला हवा. त्यासाठी मंचावर कर्णा ठेवला की तो माइकमध्ये शिरतो.

या चारही भूमिका एकमेकींना खोट्या ठरवत नाहीत. प्रत्येक भूमिका एका विशिष्ट अंतरासाठी आणि नाट्यप्रकारासाठी खरी आहे. वाद चिघळतो तो एका जागेचे उत्तर दुसऱ्या जागेवर लादल्यामुळे. यावर असे म्हटले जाईल की ही सोयीची सर्वसमावेशकता झाली. नटाच्या आवाजाची घसरण ही खरी घटना आहे आणि तिचे कारण माइकच आहे, असाही आक्षेप येईल. पण घसरण झाली असेल तर तिचा दोष तालमीतल्या आवाजाच्या मेहनतीला न मिळणाऱ्या वेळेकडे अधिक जातो. माइक आवाज मोठा करतो. गिळलेले अक्षर तो परत आणू शकत नाही. उलट तोंडाजवळचा माइक सदोष उच्चार अधिक उघडा पाडतो. म्हणजे यंत्रणा आल्यावर वाणीची मेहनत कमी करता येते, हा समजच शास्त्राला धरून नाही.

ध्वनिसंयोजक नावाचा कलावंत

आतापर्यंतची चर्चा शब्द पोचवण्याची. नाट्यध्वनीचे दुसरे अंग निर्मितीचे: पार्श्वसंगीत, दारावरची थाप, पाऊस, दूरची गाडी, आणि शांतता. स्पूलच्या टेपपासून कॅसेट, सीडी आणि आता लॅपटॉप असा या कामाचा प्रवास झाला. टेपवर पुढचा तुकडा शोधायला वेळ लागे, म्हणून ध्वनीचे संकेत मोजके असत. लॅपटॉपवर एका कळीत हवा तो संकेत वाजतो, त्यामुळे संकेतांची संख्या वाढली. प्रत्येक भावनेखाली सुरांचा थर देण्याचा मोहही वाढला. तंत्राने सोय दिली, संयम दिला नाही, ही दिग्दर्शकांची चिंता समजण्यासारखी आहे. मात्र दारावरची थाप सभागृहाच्या कर्ण्यातून न येता त्या दारामागे ठेवलेल्या लहान कर्ण्यातून आली, तर प्रेक्षकाचे डोळे आणि कान एकाच ठिकाणी जातात. एवढा साधा निर्णयही घेणारा कोणी ठरलेला माणूस लागतो.

त्या माणसाचे स्थान काय, याबद्दल जगातही एकमत नव्हते. अमेरिकेत ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांत ध्वनिसंयोजनाचा विभाग 2008 मध्ये आला, 2014 मध्ये काढला गेला आणि 2017-18 च्या हंगामापासून परत आला. आपल्याकडे पार्श्वसंगीतकाराचे नाव जाहिरातीत असते; शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारा बहुधा ‘साऊंडवाला’ एवढाच राहतो. नाटकाबरोबर फिरणारा म्युझिक ऑपरेटर संहिता जाणतो, नाट्यगृहाच्या यंत्रणेवरचा माणूस वास्तू जाणतो. दोघांची गाठ पडते प्रयोगाआधीच्या घाईत, नेपथ्य लागत असताना.

काय सुटलेले नाही

पहिला अनुत्तरित मुद्दा नूतनीकरणाचा. चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली पणजीची कला अकादमी 2023 मध्ये दुरुस्तीनंतर खुली झाली आणि कलावंतांनी तिथल्या ध्वनी व प्रकाशव्यवस्थेबद्दल जाहीर तक्रारी केल्या. दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची मोजमापे लोकांसमोर नसली की असा वाद आठवणी विरुद्ध दावे असा चालतो. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीतही हाच प्रश्न उभा राहतो: जुने रूप परत आणता येते, जुना ध्वनी आणायचा तर लाकूड, छताचा आकार आणि खुर्च्यांचे शोषण यांचाही हिशेब लागतो.

दुसरा मुद्दा लहरींचा. बिनतारी माइक ज्या पट्ट्यांत चालतात त्यांवर मोबाइल सेवांचा दाब वाढत आहे. अमेरिकेत 600 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल कंपन्यांकडे गेल्यावर रंगभूमीला 2020 पर्यंत तो सोडावा लागला. आज घेतलेले महागडे संच किती वर्षे चालतील, हे निर्मात्याला ठामपणे सांगता येत नाही. तिसरा मुद्दा श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचा. खुर्च्यांखालून तारेचे वेटोळे टाकले तर सुसंगत श्रवणयंत्रात नटाचा शब्द थेट, गोंगाटाविना उतरतो. हे तंत्र जुने आणि खात्रीचे आहे. आपल्या नाट्यगृहांत ते प्रमाण व्हावे की नाही, यावर चर्चाच पुरेशी झालेली नाही. चौथा मुद्दा खर्चाच्या वाटणीचा: यंत्रणा नाट्यगृहाची, ठेकेदाराची की नाटकाची? नाटकाने स्वतःची आणली तर गुणवत्ता सारखी राहते, पण टेम्पोचे भाडे आणि माणसे वाढतात.

हे मुद्दे एका लेखात सुटणारे नाहीत. पण ते सोडवायची पहिली पायरी स्वस्त आहे. प्रत्येक नाट्यगृहाने तीन आकडे मोजून दर्शनी फलकावर लावावेत: भरलेल्या सभागृहाचा अनुरणनकाल, वातानुकूलन चालू असतानाची गोंगाटाची पातळी, आणि शेवटच्या रांगेतला शब्दबोधाचा निर्देशांक. हा निर्देशांक मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे आणि त्यासाठी लागणारे उपकरण एका चांगल्या बिनतारी संचाहून फार महाग नाही. दौऱ्यावर निघालेल्या संस्थेला हे आकडे आधी कळले तर माइक किती, कुठे आणि लावायचे की नाही, हे प्रयोगागणिक ठरवता येईल. पालिकेला कर्णे घ्यायचे की वाऱ्याच्या नळ्या दुरुस्त करायच्या, याचेही उत्तर मिळेल. तेव्हाच माइकचा वाद आवडीनिवडीच्या पातळीवरून खाली येऊन जमिनीला टेकेल, आणि तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला पहिल्या रांगेइतकाच शब्द मिळण्याचा हक्क मोजता येईल असा होईल.